चक्कर यायला बरी जागा

३ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

पत्र बघून दचकला असाल. सगळे खुशाल आहेत, ते आधी सांगते. आपण दोघी फोनवर बोलतो म्हणजे काय बोलतो? "जेवण झालं का", "गुडघा कसा आहे", "थांबा, हिला देते." मुलांच्या लग्नापासून आपली गाडी त्यापुढे गेलेली नाही. शिवाय फोन लावते माझी लेक, आणि स्पीकरवर टाकून शेजारी उभी असते. जे विचारायचंय ते तिच्यासमोर विचारण्यासारखं नाही, म्हणून हा कागद.

मुलांनी घर बघितलंय ते तुम्हाला कळलं असेलच. काल मलाही दाखवायला नेलं. शहराच्या पार टोकाला वसाहत आहे. घराला नाव ठेवायला जागा नाही. तीन खोल्या, त्यातली एक तुमची, खिडकीखाली हिरवळ. हिरवळीत पाटी, "येथे चालू नये." मुलं कपाटं मोजत होती तोवर मी त्या खिडकीत उभी राहिले. एक मोटार आत आली, एक बाहेर गेली. माणूस म्हणाल तर गवत कापणारा दिसला, तोही कानांत बोळे घालून. साधी सुई आणायची म्हटली तरी गाडी काढावी लागेल.

मी म्हटलं, "अरे, इतकं लांब?" तर जावईबापू म्हणाले, "आईसाठी घेतोय. तिला आवाज सहन होत नाही." लेक म्हणाली, "त्यांनी स्वतःच सांगितलंय." पण मनाला पटेना. लग्न ठरवायला मी तुमच्या दुकानात आले होते, आठवतं? भर बाजारात दुकान. तुम्ही शिलाई मशीन चालवत होता, समोरच्या फळवाल्याशी भांडत होता आणि माझ्याशी बोलत होता, तिन्ही एकदम. त्या बाईला आवाज सहन होत नाही?

मार्चअखेर बयाणा द्यायचा ठरलाय. मग तुम्ही दुकान मोडून कायमच्या इकडे येणार. एकदा मोडलेलं दुकान परत उभं राहत नाही. म्हणून सरळ विचारते, खरंच शांतता हवीय का तुम्हाला? मुलीच्या आईनं यात तोंड घालू नये म्हणतात. मी घातलंय. राग आला तर कागद फाडून टाका, मी विचारलं नाही असं समजा.

तुमच्या सुनेची आई

१२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

कागद फाडला नाही. दोनदा वाचला, एकदा गिऱ्हाईक समोर असताना आणि एकदा गेल्यावर. तुम्ही इतक्या आपुलकीनं विचारलंत, बरं वाटलं. पण काळजी करू नका. मुलांनी मायेनं बघितलंय, ती म्हणतील ते घर चांगलंच असणार. माझं काय, पिकलं पान. कुठेही राहीन. शांत असलेलं बरंच.

इकडे विशेष काही नाही. सकाळची पहिली बस दुकानासमोरून जाताना एकदा हॉर्न देते. ड्रायव्हरच्या पँटची चेन एकदा ऐन वेळी तुटली होती, बस उभी करून आत आला होता बिचारा, टॉवेल गुंडाळून बसवला त्याला. उतारू खिडकीतून विचारत होते, "बाई, किती वेळ?" तेव्हापासून हा हॉर्न आहे. फळवाल्याशी अबोला धरलाय, त्यानं छत्री माझ्या दुकानाच्या पाटीवर आणलीय. अबोल्यातही सकाळी अर्धी पपई देऊन जातो, तेव्हा तो किती दिवस टिकेल सांगता येत नाही. शाळेच्या मुली खांद्यावरून दप्तर न काढता मापं देतात.

मागच्या आठवड्यात पाइपसाठी रस्ता खणला आणि वाहतूक बंद केली. दोन दिवस चिटपाखरू नाही. मशीनचा आवाज इतका मोठा वाटायला लागला की मशीनच बंद केलं. जेवणही जाईना. तब्येतच बिघडली असावी. रस्ता उघडल्यावर आपोआप उतार पडला.

दुकानाला गिऱ्हाईक मिळालंय. मार्चअखेर किल्ल्या द्यायच्या आहेत.

तुमच्या जावयाची आई

२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमची तब्येत बिघडली नव्हती. मी नर्स आहे, मला विचारा. रस्ता बंद झाल्यावर येणारं आणि रस्ता उघडल्यावर जाणारं दुखणं एकच असतं. शांततेबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि त्या बसवाल्याच्या चेनबद्दल निम्मं पान. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं करणार?

तर मी ठरवलंय. बयाण्याआधी तुमच्यासाठी जागा शोधायची. उभी हयात मी लसींची पेटी घेऊन घरोघर हिंडले. घर कसं आहे ते भिंतीवरून कळत नाही, दार वाजवल्यावर आतलं माणूस काय करतं त्यावरून कळतं. वस्तीचंही तेच. पण आता पेटी नाही, दार कशाच्या निमित्तानं वाजवू? मग युक्ती सुचली. वस्तीत जायचं, मोक्याची जागा बघून बसायचं आणि चक्कर आल्याचं सोंग करायचं. कोण येतं, कधी येतं, काय करतं ते बघायचं. शितावरून भाताची परीक्षा.

पहिल्यांदा मुलांच्या त्या वसाहतीतच गेले. बाकावर बसले, डोकं धरलं, चांगलं कण्हले. कोणी नाही. कण्हून घसा सुकला तेव्हा पहारेकरी आला. म्हणाला, "बाई, कोणाकडे आलात? नोंद केली का?" म्हटलं, चक्कर येतेय. म्हणाला, "हो, पण नोंद करावी लागेल." त्याचाही दोष नाही, नोकरी आहे. नोंद केली आणि घरी आले.

दुसऱ्यांदा शहराच्या मधोमध, त्या कॉफीच्या दुकानांच्या रस्त्यावर गेले. गर्दी उदंड. म्हटलं, हे विहीणबाईंना मानवेल. पण तिथे सगळे आलेले होते, तिथलं कोणीच नव्हतं. एक मुलगी थांबली, "काकू, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू?" म्हणाली, तेवढ्यात तिला फोन आला आणि बोलत बोलत ती पुढे गेली. मग वेटर आला. ती खुर्ची गिऱ्हाइकांची होती. नुसती गजबज असून भागत नाही, एवढं मला कळलं.

अजून एक जागा मनात आहे. लेकीला यातलं काही माहीत नाही. तुम्ही बोलू नका.

तुमच्या सुनेची आई

२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

हसता हसता टाचणी बोटात गेली. ही काय थेरं? तुमच्या वयाला शोभतं का रस्त्यात कण्हत बसणं? कोणी खरंच उचलून इस्पितळात नेलं असतं म्हणजे? तिथे सगळे तुमच्याच ओळखीचे.

पण तुम्ही माझ्यासाठी उन्हातान्हात बाकावर बसलात, हे वाचून डोळ्यांत पाणीही आलं. माझे मालक गेल्यापासून माझ्यासाठी कोणी जागा शोधली नव्हती. तेव्हा तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

मागे मी मुलांच्या भाड्याच्या घरी राहायला आले होते ना, चौकातल्या. सूनबाईचं डोकं दुखायचं. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "या आवाजात माणूस वेडं होईल." लेक काही बोलला नाही. मला वाटलं, हिला शांत जागा हवीय आणि हा दाद देत नाही. सुनेची बाजू घ्यावी म्हणून मी म्हटलं, "मलाही आवाज सहन होत नाही बाई, शांत जागा बघा." झालं. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी शहराचं टोक गाठलं. आता मी "नको" म्हटलं तर सूनबाईला वाटेल, सासू तोंडावर एक आणि मागे एक. आणि तिला हवी असलेली शांतता मी कशी हिरावून घेऊ?

त्या खिडकीचं तुम्ही लिहिलंत तेव्हापासून धास्ती बसलीय, हे खरं. सकाळी उठून मी बघणार कोणाकडे? बोलणार कोणाशी? मुलं दिवसभर कामावर. पण हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. मी सवय करून घेईन. मुलांना काही सांगू नका, तुम्हाला माझी शपथ.

तुमच्या जावयाची आई

९ मार्च

विहीणबाई,

शपथ मोडलेली नाही. मुलांना चकार शब्द बोलले नाही. पण गल्ली सापडली.

जुन्या बसथांब्यामागची गल्ली. एका तोंडाला बेकरी, दुसऱ्या तोंडाला दवाखाना, मध्ये चाव्या करणारा, सलून, सायकलवाला आणि इस्त्रीवाली. सगळ्यांची घरं दुकानांच्या वरच. मी चावीवाल्यासमोर चक्कर येऊन खाली बसले. कण्हायलाही वेळ मिळाला नाही. चावीवाल्यानं स्वतःचं स्टूल पाठीशी दिलं, इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून पदरानं वारा घातला, बेकरीवाली साखरेचं पाणी घेऊन पळत आली. सलूनवाला म्हणाला, "साखर नको, मधुमेह असेल तर?" बेकरीवाली म्हणाली, "तू केस काप." त्यावर दोघांचं जुंपलं. सायकलवाला कोणाचं न ऐकता दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना घेऊन आला, त्यांच्या हातात अर्धा खाल्लेला पाव तसाच. एका आजोबांनी वरच्या गॅलरीतून विचारलं, "शुद्धीवर आहे का?" आणि कोणी सांगेना तेव्हा स्वतः जिना उतरून आले.

डॉक्टरीणबाईंनी मला बराच वेळ बसवून ठेवलं. त्यांचं कामच ते. मग इस्त्रीवाली बसमध्ये बसवायला आली आणि शेजारच्या बाईंना बजावून गेली, "यांना उतरवून द्या."

ऐका आता. बेकरीच्या वर, पहिल्या मजल्यावर घर विकाऊ आहे. दोन मोठ्या खोल्या आणि एक लहान. लहान खोलीची खिडकी थेट गल्लीवर. मुलांना म्हटलं, "बघायला काय जातंय? बघितलं म्हणजे घेतलं असं नाही." रविवारी नेते. तुमचं नाव काढणार नाही. काय होतं बघू.

तुमच्या सुनेची आई

१९ मार्च

विहीणबाई,

आज मी तुमच्यावर रागावले आहे.

रविवारी रात्री सूनबाईचा फोन आला. रडत होती. तुम्ही तिघं गल्लीत शिरलात आणि चावीवाला उठून म्हणाला, "या बाई, आता बरं आहे ना?" मग इस्त्रीवाली, मग सलूनवाला. तुमच्या जावयाला वाटलं, आपल्या सासूची इथे कुठली ओळख? आणि मग डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दारात येऊन म्हणाल्या, "तपासणीला का आला नाहीत? गोळ्या सुरू केल्या की नाही?"

गोळ्या कसल्या? सोंगाला गोळ्या देतात का? मला तुम्ही "चक्कर येऊन खाली बसले" असं हसत हसत लिहिलंत. मी इकडे फळवाल्याला वाचून दाखवलं, तोही हसला. सूनबाई सांगते, त्या दिवशी तुमची नाडी इतकी मंद होती की डॉक्टरीणबाई तुम्हाला सोडायला तयार नव्हत्या. एकट्या राहता, घरी पोचल्यावर कोणाला कळवलं नाहीत. लेकीला नाही, मला नाही. मला अंधारात ठेवून माझ्यासाठी घरं शोधत हिंडता. हे काय वागणं झालं?

दुसरं सांगते. सूनबाई रडता रडता म्हणाली, "आई, ती गल्ली इतकी चांगली आहे हो. पण तुम्हाला आवाज सहन होत नाही." तुमचं दुखणं ऐकून मी आधीच हललेली होते, भीड कुठे ठेवू? म्हटलं, "अगं, मला कसला आवाज? बाजारात जन्म गेला माझा. तुझं डोकं दुखायचं म्हणून बोलले मी." तर म्हणाली, "तेव्हा माझा चष्मा बदलायला झाला होता. नवा घेतला आणि डोकं थांबलं." मागून लेकाचा आवाज आला, "आई, ती वसाहत आम्हा दोघांनाही आवडलेली नाही. खिडकीत उभं राहिलं की कधी निघतो असं होतं." म्हणजे तिघांपैकी एकालाही नको असलेलं घर आम्ही एकमेकांसाठी घेत होतो. हसावं की रडावं कळेना. आम्ही दोन्ही केलं.

बयाणा आता गल्लीतल्या घराचा द्यायचा ठरलाय. पण मला आनंद व्हायचा तो होत नाही. आधी खरं काय ते लिहा.

तुमच्या जावयाची आई

२६ मार्च

विहीणबाई,

रागावलात ते बरं केलंत. मला रागावणारं माणूस उरलं नव्हतं.

खरं तेच लिहिते. सोंग करायलाच गेले होते. कुठे बसावं म्हणून जागा बघत होते, बेकरीचा वास येत होता, आणि एकदम रस्ता तिरका झाला. मला कळलं की हे माझं नाटक नाही. मी कितीतरी माणसांना असं पडताना सावरलंय, पण आपण पडतो तेव्हा काय वाटतं ते ठाऊक नव्हतं. भीती वाटते हो. फार भीती वाटते. पाठीला स्टूल लागलं आणि कोणीतरी म्हणालं, "सोडा अंग, मी धरलंय." मी अंग सोडलं. केव्हापासून सोडलं नव्हतं.

शुद्ध येता येता त्या दोघांचं साखरेवरून भांडण ऐकू येत होतं. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. आपल्यावरून अनोळखी माणसं भांडतायत, याहून जास्त काय हवं? त्या दुपारी मी माझ्या चौथ्या मजल्यावर पडले असते तर शेजाऱ्यांना दूधवाल्यानं सांगेपर्यंत कळलं नसतं. त्या गल्लीचे माझ्यावर उपकार आहेत. परवा जाऊन प्रत्येकाला सांगून आले. चावीवाला म्हणाला, "स्टुलाचे आभार माना, मी तर घाबरलो होतो."

तुम्हाला हसत लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तुम्ही लगेच लेकीला फोन केला असता आणि त्या गडबडीत घराचं राहून गेलं असतं. मार्चअखेर जवळ येत होती. तेवढं एकच डोक्यात होतं.

गोळ्या सुरू आहेत. लेक म्हणते, नव्या घरी आमच्याजवळच ये. मी नाही म्हटलं. ती खोली तुमची आहे, तुमच्यासाठीच शोधली. एका म्यानात दोन तलवारी कशाला? आणि लेकीच्या घरी पाहुणी म्हणून दोन दिवस बरी, कायमची गेले तर आपलंच आपल्याला जड होतं. जावईबापू देवमाणूस आहेत, पण सासू ती सासूच. आठवड्यातून एकदा येईन तुम्हाला भेटायला. बस आहे.

तुम्ही या लवकर. वाट बघते.

तुमच्या सुनेची आई

११ ऑगस्ट

विहीणबाई,

एकाच शहरात राहून पत्र लिहितेय, सूनबाई हसते. पण समोर बोलायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि "माझी बस चुकेल" म्हणून उठता. कागदावरून उठून जाता येत नाही.

मला इथे येऊन तीन महिने झाले. पहिल्या दिवशी खिडकीत मशीन लावलं आणि संध्याकाळच्या आत इस्त्रीवाली फाटका परकर घेऊन हजर. आता गल्लीतल्या अर्ध्या बाह्या माझ्याकडे आहेत. खालून पावाचा वास येतो, सलूनवाला सकाळी रेडिओ मोठा लावतो आणि मी वरून ओरडते. तो कमी करत नाही. बरं वाटतं. कधी कधी काम थांबवून नुसती ऐकत बसते. त्या हिरवळीच्या खिडकीत मी काय केलं असतं, याचा विचार आला की मशीन जोरात चालवते. माझ्या लेकाला मी जन्म दिला, त्यानं मला घर दिलं, पण मला जगायला जागा दिलीत ती तुम्ही. हे तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुमचे फार उपकार आहेत.

आता मुद्दा. काल तुम्ही जिन्यात कठड्याला धरून थांबलात. मी बघितलं. तुम्हाला वाटलं, बघितलं नाही.

मी खोली मोजली आहे. मोजणं माझा धंदाच आहे. मशीन, कपाट आणि माझी खाट ठेवून आणखी एक खाट बसते. मधून एका माणसाला तिरकं होऊन जाता येतं, आपण दोघी काही एकदम जाणार नाही. मुलांना विचारलं. लेक म्हणाला, "आई, आम्ही मार्चपासून विचारतोय, त्या आमचं ऐकत नाहीत." तेव्हा आता मी विचारते.

लेकीच्या घरी कायमचं राहणं तुम्हाला जड वाटतं. जावयाच्या घरी संकोच वाटतो. ठीक आहे. नका राहू त्यांच्या घरी. ही खोली माझी आहे, तुम्हीच तसं लिहिलंय. तर विहिणीच्या घरी या. विहिणीकडे राहू नये असं कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. कोणी काही म्हटलंच तर सांगा, मुलाच्या आईचा हट्ट होता, मोडता आला नाही.

आणि हे अहो-जाहो पुरे झालं. माझ्यानं होत नाही आता. ये गं.

तुझी

१४ ऑगस्ट

अगं,

पत्र सकाळी मिळालं. खुर्चीत बसून वाचलं. साठी उलटलेल्या बाईला कोणी "ये गं" म्हणत नाही. आई गेल्यापासून मला कोणी म्हटलं नव्हतं.

काही वेळ कारणं शोधली. एकही टिकलं नाही.

घोरते, आधीच सांगून ठेवते. सामान फार नाही, एक खाट आणि दोन पेट्या. शनिवारी जावईबापूंना टेम्पो घेऊन पाठव.

येते.

तुझी